हिरव्या पाण्यात उपाशी: नऱ्ह्यातल्या एका मोइना-कल्चरचं प्रकरण

मोइना ही गोड्या पाण्यात राहणारी, जेमतेम मिलिमीटरभर लांबीची कवचधारी. डॅफ्नियाच्या, म्हणजे पाणपिसवेच्या, भावकीतली. शोभेचे मासे वाढवणाऱ्यांना ती ठाऊक असते ती पिल्लांचं जिवंत खाणं म्हणून. नुकती जन्मलेली मोइना ०.४ मिलिमीटरपेक्षाही लहान असते, म्हणजे आर्टेमिया या दुसऱ्या एका जिवंत खाण्याच्या ताज्या पिल्लाहून बारीक. शिवाय आर्टेमिया खाऱ्या पाण्यातला, गोड्या पाण्यात तो फार काळ तगत नाही आणि तळाशी सडतो. मोइना मात्र माशाच्या तोंडात जाईपर्यंत पोहत राहते. त्यामुळे पुण्यात फायटर आणि गपी वाढवणाऱ्या बऱ्याच जणांच्या गच्चीवर मोइनाचा एखादा टब, म्हणजेच कल्चर, दिसतो.

हे प्रकरण पुण्याच्या नऱ्हे भागातल्या अशाच एका गच्चीवरचं. काका कारखान्यातून निवृत्त झालेले, मासे वाढवून ओळखीच्या दुकानांना देतात. टबांची रोजची देखभाल मात्र त्यांची सून करते. निळे प्लॅस्टिकचे ड्रम आडवे कापून केलेले तीन टब, वर हिरवी शेडनेट, प्रत्येकात हवेचे बुडबुडे सोडणारा एक एअर स्टोन. बाजूला एका अख्ख्या ड्रममध्ये हिरवं पाणी: शेंगदाण्याच्या पेंडीचं पाणी घालून उन्हात वाढवलेलं शैवाल. टबातलं पाणी फिकं झालं की या ड्रममधली बादली टबात ओतायची, आणि वरून रोज थोडं यीस्ट. ही पद्धत बरीच वर्षं नीट चालली होती.

मग मे महिन्यात दोन टब क्रॅश झाले, म्हणजे त्यांतल्या जवळजवळ सगळ्या मोइना मेल्या. उरलेल्या टबातून पुन्हा कल्चर उभं केलं, तर जुलैत तेही बसलं. मी प्राणिशास्त्र शिकवते एवढ्या ओळखीवर काकांचा फोन आला. "मॅडम, पाणी बघा येऊन, पालकाच्या रसासारखं हिरवं आहे. खायला कमी नाही. तरी मरतायत."

काकांचं निदान तयार होतं: उन्हाळा. दुकानदाराचं निदान क्लोरिन. सूनबाईचं म्हणणं असं की जुलैत ऊन कुठे होतं, आणि आपल्याकडे पाणी येतं टँकरचं, ते विहिरीचं, त्यात क्लोरिन कोण घालतं? तिचे दोन्ही मुद्दे बरोबर होते. मोइना ऊब सोसते, पंचवीस ते तीस अंश सेल्सिअसला ती उलट जोमात वाढते. शेडनेटखालच्या टबात मे महिन्याच्या दुपारी पाणी याहून तापत असेल, ते मी नाकारत नाही, पण त्याच शेडनेटखाली मागचे उन्हाळे निघाले होते. ऑक्सिजन कमी पडला म्हणावं तर त्याची खूण वेगळी असते. ऑक्सिजन घटला की मोइना आणि डॅफ्निया रक्तात हिमोग्लोबिन वाढवतात आणि अंग गुलाबी-लालसर दिसू लागतं. एका टबात ती लाली थोडी होती, तिच्याकडे पुढे येते. बाकी टबांतल्या मोइना फिक्या होत्या, पारदर्शक, आणि संथ.

इथे एक गोष्ट आधी सांगायला हवी, कारण सगळं प्रकरण तिच्यावर उभं आहे. मोइना पारदर्शक असते. तिने काय खाल्लं, किती खाल्लं, हे तिच्या आतड्यात सरळ दिसतं. पाठीच्या बाजूने जाणारी ती एक वाकडी रेघ असते. चांगल्या हिरव्या पाण्यातल्या मोइनाची रेघ गर्द हिरवी, डोक्यापासून मागच्या टोकापर्यंत सलग. नुसत्या यीस्टवरच्या मोइनाची पांढुरकी. पोट भरलेल्या मादीच्या आतड्याभोवती तेलाचे बारीक थेंब दिसतात, कधी पिवळसर तर कधी नारिंगी. उपाशी मोइनात ते नसतात. हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. पांढरी बशी, ड्रॉपर आणि मोबाइलवर लावायचं स्वस्त मॅक्रो भिंग एवढ्यावर भागतं. तरीही कल्चरबद्दलच्या सगळ्या सल्ल्यांत पाण्याच्या रंगावर बोललं जातं, आतड्याच्या रंगावर कुणी बोलत नाही. पाणी किती हिरवं आहे यावरून पाण्यात काय आहे ते कळतं. त्यातलं तोंडात किती जातं ते कळत नाही.

मे महिन्यात सूनबाईने मोबाइलवर काढून ठेवलेले फोटो होते. गर्द हिरव्या पाण्यातल्या मोइना, आणि आतडं जवळजवळ रिकामं. मध्येच एखादा हिरवा तुकडा, बाकी रेघ काचेसारखी स्वच्छ. जुलैच्या फोटोंत उलटं होतं. आतडं गच्च भरलेलं, पण रंग करडा-तपकिरी. म्हणजे दोन क्रॅश, दोन वेगळी कारणं. काका दोन्हींना एकच आजार समजत होते, म्हणून दोन्ही वेळा औषधही एकच झालं: यीस्ट वाढवा.

तोंडात काय जातं

मोइना आणि डॅफ्निया यांना घास निवडता येत नाही. सायक्लॉप्ससारखे कोपेपॉड गटातले बारीक कवचधारी एकेक कण पकडून, चाचपून, घ्यायचा की सोडायचा ते ठरवू शकतात. मोइनाचं तसं नाही. तिचं कवच पोटाच्या बाजूने उघडं असतं, दोन दारांच्या फटीसारखं. त्या फटीच्या आत पायांच्या पाच जोड्या सतत हलत असतात. डॅफ्नियात हे पाय मिनिटाला दोनशे ते चारशे वेळा हलतात. तिसऱ्या आणि चौथ्या जोडीवर लांब केसांचे कंगवे असतात आणि त्या प्रत्येक केसावर आणखी बारीक केसांच्या ओळी. दोन बारीक केसांमधलं अंतर जातीनुसार, वयानुसार बदलतं: पाव मायक्रोमीटरपासून काही मायक्रोमीटरपर्यंत. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि पुष्कळसे बॅक्टेरिया एवढ्याच आकाराचे असतात. कंगव्यात अडकलेलं सगळं पायांच्या मधल्या पन्हळीत जमा होतं, पन्हळीतून पुढे तोंडाकडे सरकतं, तिथे जबडे ते दाबून गोळा करतात आणि गिळलं जातं.

ही चाळणी नेमकी कशी चालते यावर बराच वाद झाला. एवढ्या लहान मापावर पाणी आपल्याला जाणवतं तसं वागत नाही. काकवीत कंगवा फिरवला तर काकवी दातांमधून जाण्याऐवजी कंगव्याबरोबर सरकते, तसं इथे पाण्याचं होतं. मग बारीक केसांमधून पाणी खरंच गाळलं जातं का, की कण केसांना नुसते चिकटतात? १९८२ साली गेरिट्सन आणि पोर्टर या संशोधकांनी डॅफ्नियाला प्लॅस्टिकचे सूक्ष्म मणी खायला घातले. मण्यांच्या पृष्ठभागाचे रासायनिक गुण बदलले की ते अडकण्याचं प्रमाणही बदलत होतं, म्हणजे निव्वळ आकारावर सगळं ठरत नव्हतं. पुढे पायांमधल्या पोकळीतल्या दाबाचा अभ्यास झाला आणि गाळण्याची बाजू पुन्हा भक्कम झाली. माझं मत विचाराल तर दोन्ही चालतं: मोठे कण गाळले जातात, अगदी बारीक कणांच्या बाबतीत चिकटण्यालाही वाव राहतो. गच्चीवरच्या माणसाला या वादातून एवढंच हवं की खालची मर्यादा फार बारीक आहे. बॅक्टेरिया अडकतात, आणि चिखलाचे कणही.

वरची मर्यादा याहून सरळ. १९६८ साली बर्न्स यांनी वेगवेगळ्या लांबीच्या डॅफ्निया आणि त्यांच्याच गटातल्या बॉस्मिना यांना मणी देऊन बघितलं आणि एक सोपं समीकरण मांडलं: मिलिमीटरमधल्या शरीराच्या लांबीला २२ ने गुणा, त्यात ४.८७ मिळवा, म्हणजे गिळता येणाऱ्या सर्वांत मोठ्या कणाचा व्यास मायक्रोमीटरमध्ये मिळतो. एक मिलिमीटरच्या मादीला हा आकडा सत्तावीसच्या आसपास येतो, अर्ध्या मिलिमीटरच्या पिल्लाला सोळाच्या. हे आकडे मोइनावर मोजलेले नाहीत, पण अंदाज घ्यायला पुरेसे आहेत. क्लोरेला या एकपेशी हिरव्या शैवालाची एक पेशी दोन ते दहा मायक्रोमीटर. म्हणून क्लोरेला सगळ्यांना जमते.

आता मे महिन्याच्या पाण्याकडे. त्या टबांतलं पाणी सूनबाईने एका बाटलीत ठेवलं होतं, आणि हिरव्या पाण्याचा ड्रम तर तसाच उभा होता. कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली दोन्हींत क्लोरेलासारख्या सुट्या गोल पेशी अगदी विरळ दिसल्या. हिरवेपणा आला होता तीन प्रकारांमुळे. एक, नील-हरित शैवालाचे लांब तंतू. दोन, चार-चार, आठ-आठ पेशींच्या जोडगोळ्या केलेलं सीनडेस्मस नावाचं हिरवं शैवाल. तीन, चिकट बुळबुळीत आवरणात गुंडाळलेले गोल पुंजके. बाटली उघडली तेव्हा पहिल्या पावसानंतर येतो तसा मातीचा वास आला. तो वास जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा, आणि नील-हरित शैवालांच्या पुष्कळ जाती तो तयार करतात.

या तिन्हींशी मोइनाचं तीन तऱ्हांनी बिनसतं. तंतू लांब, त्यामुळे ते कंगव्यात आणि पन्हळीत आडवे येतात. प्राण्याकडे त्यावर दोनच उपाय. कवचाची फट अरुंद करायची, म्हणजे तंतू आत येणार नाहीत, पण पाणीही कमी येणार. नाहीतर शरीराच्या मागच्या टोकाला नखं असलेला जो वाकडा भाग असतो, तो पन्हळीतून फिरवून सगळा गाळ बाहेर फेकायचा. यात तंतूंबरोबर गोळा झालेलं चांगलं अन्नही जातं. प्राणी दमतो, पोट भरत नाही. मोठ्या जातींची फट मोठी, म्हणून त्यांना हा त्रास जास्त होतो. मोइना लहान असल्याने थोडी बचावते, पण थोडीच.

सीनडेस्मसची गोष्ट मला या विषयातली सगळ्यांत आवडती. १९९३ साली हेसेन आणि व्हॅन डोंक यांनी दाखवलं की डॅफ्निया ज्या पाण्यात राहून गेली आहे ते नुसतं गाळून सीनडेस्मसला दिलं, तरी सुट्या पेशी जोडून वसाहती करू लागतात, आणि वसाहत गिळायला सुट्या पेशीपेक्षा अवघड. डॅफ्निया स्वतः हजर असायची गरज नाही, तिच्या शरीरातून पाण्यात उतरलेला रासायनिक निरोप पुरतो. काकांच्या घरी नेमकं हेच पोषक वातावरण होतं. टब धुताना जुनं मोइनाचं पाणी फुकट कशाला घालवायचं म्हणून ते हिरव्या पाण्याच्या ड्रममध्ये परत ओतलं जायचं. काटकसर चांगली, पण शैवालाला रोजच्या रोज शत्रूची वर्दी मिळत होती.

चिकट पुंजक्यांबद्दलचा शोध जुना आहे. त्याच पोर्टर यांनी १९७६ साली दाखवलं होतं की स्फेरोसिस्टिस नावाचं चिकट आवरणाचं हिरवं शैवाल डॅफ्नियाच्या आतड्यातून बहुतांशी जिवंत बाहेर पडतं. इतकंच नाही, आतड्यातून जाताना ते फॉस्फरस शोषून घेतं आणि बाहेर आल्यावर जास्त जोमाने वाढतं. काकांना हे सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले, "म्हणजे आमच्याकडे भाडेकरू जेवूनही जातो."

हे तिन्ही प्रकार टबात आले कुठून? बीज कुठूनही येतं, वाऱ्याने, बादलीने, पक्ष्याच्या पायाने. वसंतात काकांनी ड्रम "ताजा" करायला शहरातल्या एका तलावाचं पाणी आणून घातलं होतं, त्यातूनही आलं असेल. पण बीज कुठलं यापेक्षा ते फोफावलं का, हा प्रश्न महत्त्वाचा. समजा टबात लिटरला हजार मोइना आहेत, चांगल्या कल्चरमध्ये असतातच, आणि प्रत्येकीने तासाला पाव मिलिलिटर पाणी चाळलं. मग टबातलं सगळं पाणी दिवसाला सहा वेळा चाळलं जातं. एवढ्या जोरात चराई चालू असताना सुटी, लहान, चविष्ट पेशी किती दिवस टिकणार? उरतं ते खाता न येणारं. दर वेळी ते उरलेलं पाणी ड्रममध्ये परत गेलं की ड्रमही हळूहळू न खाण्याजोग्या शैवालाने भरतो. पेंडीतून फॉस्फरस भरपूर येत होता, आणि तंतुमय नील-हरित शैवालांतल्या काही जाती हवेतला नायट्रोजन वापरू शकतात, त्यामुळे त्यांना आणखीच सोयीचं झालं. पाणी हिरवं दिसत राहिलं, किंबहुना आधीपेक्षा गडद झालं, कारण आता ते कुणी खातच नव्हतं. काकांना जे भरलेलं कोठार दिसत होतं ते खरं तर उष्ट्यांचा ढीग होता, आणि तो मोइनांनीच निवडून मागे ठेवला होता.

जुलैचं पाणी

दुसऱ्या क्रॅशच्या वेळी शैवाल बरं होतं. मधल्या काळात सूनबाईने दुसऱ्या एका ड्रममध्ये माशांच्या टाकीतल्या पाण्यावर नवं हिरवं पाणी धरलं होतं, आणि त्यात सुट्या पेशी पुष्कळ दिसत होत्या. मग आतडं करडं-तपकिरी का?

टँकर. जूनअखेरीपासून टँकरचं पाणी गढूळ येत होतं. विहिरीत ओढ्याचं पाणी उतरत असावं, असा टँकरवाल्याचाच अंदाज. पुण्याच्या आसपासचा खडक बेसॉल्ट, दख्खनच्या लाव्ह्याचा. त्याच्या झिजेतून झालेल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइटसारखी फुगणारी चिकणमाती भरपूर. चिकणमातीचे कण म्हणजे व्याख्येनेच दोन मायक्रोमीटरपेक्षा लहान. वाळू आणि पोयटा काही तासांत खाली बसतो, पण हे कण दिवसेंदिवस पाण्यात तरंगत राहतात. आणि दोन मायक्रोमीटर हे मोइनाच्या कंगव्याचं नेमकं गिऱ्हाईक. तिला शैवाल आणि माती यांत फरक करता येत नाही, दोन्ही सारख्याच इमानाने गोळा होतात. आतडं मातीने भरतं आणि त्यात अन्नाचा वाटा कमी होत जातो.

सूनबाईने विचारलं की मग उन्हाळ्यातल्या विहिरीच्या पाण्यात माती नसते का. असते, पण बेसॉल्टमधलं विहिरीचं पाणी जड असतं, त्यात कॅल्शियम जास्त. कॅल्शियममुळे चिकणमातीचे कण एकमेकांना धरतात, गाठी होतात आणि खाली बसतात. पावसाचं पाणी मिसळलं की जडपणा उतरतो आणि तेच कण सुटे राहतात. हे मला तिथल्या तिथे सुचलं, नंतर काचेच्या दोन बरण्यांत करून बघितलं. टँकरचं पाणी एका बरणीत तसंच, दुसरीत इमारतीच्या बोअरचं पाणी निम्मं मिसळून. दुसऱ्या दिवशी बोअर मिसळलेली बरणी वरून बरीच निवळली होती, पहिली चहासारखीच होती.

तरी आतड्यात माती दिसते म्हणजे मातीमुळे उपासमार झाली, असं लगेच म्हणता येत नाही. मातीला चिकटून बॅक्टेरिया येतात, सेंद्रिय पदार्थही येतात, त्यातून थोडंफार पोषण मिळतंच. सह्याद्रीतल्या पठारांवर पावसाळ्यात जी डबकी भरतात त्यांत पाय वर करून पोहणारे फेअरी श्रिंप सापडतात. त्यातल्या एका जातीला २०१४ साली स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस असं नावही मिळालं. त्यांच्या पायांच्या अकरा जोड्या असतात आणि तेही गाळूनच खातात. या गटाच्या कितीतरी जाती अगदी गढूळ डबक्यांत जन्म काढतात. तेव्हा गढूळ पाणी म्हणजे मरण, असा सरसकट नियम नाही. क्लॅडोसेरा म्हणजे डॅफ्निया-मोइनाच्या गटावर मात्र चिकणमातीचा परिणाम वाईट होतो, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे.

म्हणून शाळेतला जुना प्रयोग केला. यीस्टमध्ये काँगो रेड हा लाल रंग घालून उकळलं की यीस्टच्या पेशी लाल होतात. त्या खाल्ल्या की आतडं लाल दिसतं. एकाच टबातल्या मोइना थोडा वेळ स्वच्छ पाण्यात ठेवून त्यांची आतडी रिकामी होऊ दिली, आणि मग दोन वाट्यांत वाटून टाकल्या: एकीत निवळलेलं पाणी, दुसरीत टँकरचं गढूळ. दोन्हींत लाल यीस्ट सारखंच. निवळलेल्या पाण्यात आतड्याची पुढची रेघ बघता बघता लाल झाली आणि अर्ध्या-पाऊण तासात मागपर्यंत पोचली. गढूळ पाण्यात आतडं तितक्याच वेळात भरलं, पण विटकरी-करडं, लाल मध्येच डागासारखं. म्हणजे गाळणं थांबलेलं नव्हतं, पाय चालू होते, गिळणंही चालू होतं. पोटात जागा माती अडवत होती. सूनबाईने दोन्ही फोटो शेजारी ठेवून काकांना दाखवले. मी दिलेल्या व्याख्यानाचा जो परिणाम झाला नव्हता तो त्या दोन फोटोंनी झाला.

यीस्टचा हिशेब

आता त्या लालसर टबाकडे. त्यात बाकी टबांपेक्षा जास्त यीस्ट पडत होतं, सकाळ-संध्याकाळ एक-एक चमचा. पाण्याला आंबूस वास होता.

१९६१ साली रिग्लर यांनी डॅफ्निया मॅग्नाला यीस्ट देऊन मोजलं. पाण्यात मिलिलिटरला एक लाखापेक्षा कमी यीस्ट-पेशी असतील तर अन्न जितकं जास्त तितकं खाणं जास्त. एक लाखाच्या वर गेलं की खाणं वाढत नाही, पाय आणि आतडं यांची कमाल गाठलेली असते. शैवालाच्या बाबतीतही अशीच पातळी असते. डॅफ्नियासाठी ती कार्बनमध्ये मोजली तर लिटरला साधारण पाव ते अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे आपल्या डोळ्यांना पाणी जेमतेम हिरवट वाटेल एवढीच. रिग्लर यांचा आकडा घेऊन काकांच्या टबाचा हिशेब मांडला. टबात शंभर लिटर पाणी, म्हणजे एक लाख मिलिलिटर. प्रत्येकात एक लाख पेशी, म्हणजे एकूण एक हजार कोटी. सुक्या बेकरी यीस्टच्या एका ग्रॅममध्ये साधारण तेवढ्या किंवा थोड्या जास्तच पेशी असतात. म्हणजे पूर्ण टबाला एका वेळी ग्रॅमभर यीस्ट म्हणजे कमाल. चहाचा एक चमचा तीन-चार ग्रॅमचा. उरलेलं तळाशी जाऊन कुजतं, कुजताना ऑक्सिजन खातं, आणि मोइना लाल होतात.

काकांनी यावर विचारलं की मग रोज ग्रॅमच्या आत टाकलं तर पुरेल का. एका वेळेला पुरेल, दिवसाला नाही, कारण मोइना ते काही तासांत चाळून संपवतात. थोडं थोडं, दिवसातून तीन-चारदा. आणि केव्हा टाकायचं ते घड्याळ बघून नाही, आतडं बघून.

यीस्टबद्दल माझी दुसरीही तक्रार आहे. मोइनाचं पोट त्याने भरतं, पण लांब साखळीची मेदाम्लं त्यात नसतात, आणि मोइनात जे नाही ते माशाच्या पिल्लाला मोइनातून मिळणार नाही. नील-हरित शैवालातही ही मेदाम्लं नसतात, शिवाय स्टेरॉल नसतात, जे कवचधारींना स्वतः बनवता येत नाहीत. म्हणजे तंतू कंगव्यात अडकले नसते तरी मे महिन्यातलं जेवण निकृष्टच होतं. सीनडेस्मस सुट्या पेशींच्या रूपात असेल तर ते यीस्टपेक्षा केव्हाही बरं.

काय केलं

मोठं असं काही नाही. जुना ड्रम पूर्ण रिकामा करून, उन्हात वाळवून, कॉलेजमधून शुद्ध क्लोरेला आणि सीनडेस्मसचं थोडं बीज दिलं. टबातलं पाणी ड्रममध्ये परत ओतणं बंद, ते आता कुंड्यांना जातं. पेंड कमी केली. टबात ओतायचं हिरवं पाणी स्क्रीन प्रिंटिंगचं सामान विकणाऱ्याकडून आणलेल्या बारीक बोल्टिंग क्लॉथमधून गाळायचं. याने सगळे तंतू अडत नाहीत, सरळ घुसणारे जातातच, पण गुंते आणि मोठे पुंजके वर राहतात. काकांना या कापडावर फार विश्वास बसला आहे, माझा तितका नाही. माझ्या मते खरा फरक परतीचं पाणी थांबवल्याने पडला.

टँकरचं पाणी आता एका वेगळ्या ड्रममध्ये बोअरचं पाणी मिसळून ठेवतात आणि वरचं निवळलेलं तेवढं घेतात. घाई असेल तेव्हा काका तुरटी फिरवतात. त्याला माझी हरकत नाही, फक्त आधी वाटीभर पाण्यात पाच-सहा मोइना रात्रभर ठेवून बघायच्या आणि मगच टबात ओतायचं.

आणि सकाळची बशी. सूनबाई दूध तापेपर्यंत प्रत्येक टबातला एक ड्रॉपर बशीत घेते आणि भिंगातून बघते. हिरवं सलग असेल तर काही नाही. तुटक असेल तर हिरवं पाणी. रिकामं असेल आणि टब मात्र हिरवा असेल, तर मला फोटो. करडं असेल तर पाण्याचा ड्रम तपासायचा.

दोन टब गणपतीच्या आधी पुन्हा भरले. त्यातल्या एकाचं बीज विकत आणलं नव्हतं. मे महिन्यात क्रॅश झालेल्या टबाच्या तळाशी वाळलेल्या गाळात काळसर, खोगिराच्या आकाराची सुप्त अंडी होती. गर्दी आणि उपासमार झाली की मोइना अशी अंडी घालतात आणि ती कोरड्यात टिकतात. निवळलेलं पाणी घातल्यावर काही दिवसांत त्यातून पिल्लं निघाली. मे महिन्यात त्या मादींना अन्नाबद्दल काय वाटलं होतं, याचा तो आणखी एक पुरावा. काका अजूनही म्हणतात की मूळ कारण ऊनच. सूनबाई वाद घालत नाही, बशी दाखवते.

तिसऱ्या टबाचा निकाल वेगळा लागला. जुलैत मोइना गेल्यावर त्यात रोटिफर, म्हणजे मोइनाहूनही बारीक पाण्यातले जीव, माजले. मोइनाच्या मानाने ते चिकणमाती बऱ्यापैकी सोसतात, आणि मोइनाची स्पर्धा संपली की त्यांना मोकळं रान मिळतं. काका तो टब ओतून टाकायला निघाले होते. मी थांबवलं, कारण फायटरची पिल्लं पोहायला लागतात तेव्हा पहिले काही दिवस त्यांच्या तोंडात मोइनाचं पिल्लूही मावत नाही. त्या दिवसांसाठी रोटिफर हवेच असतात, आणि काका त्यासाठी आजवर उकडलेल्या अंड्याचा बलक पाण्यात कालवत होते. आता तो टब मुद्दाम थोडा गढूळ ठेवला जातो. त्याला निवळलेलं पाणी घालायचं नाही आणि मोइनाची जाळी त्यात बुडवायची नाही, असं सूनबाईने टबावर मार्करने लिहून ठेवलं आहे.